घाटा खाल्ला त्यानं थापायचं

भिजवलेली ज्वारी दळायला पिंप्राळ्यातला गिरणीवाला तयार नव्हता. डब्याचं झाकण उघडून त्यानं नाक मागे घेतलं.

"मावशी, ही तर आंबलेली. दगडाला चिकटते, वास राहतो. मागून लोकांचे गहू येतात, ते माझ्या नावानं ओरडतील."

"सगळ्यांचं झाल्यावर दळ," मी म्हटलं. "मी उभी आहे."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. स्कूटरवाले डबे ठेवून जात होते, येऊन नेत होते. शेवटी त्यानं माझा डबा ओतला, पट्टा फिरायला लागला आणि तो वास सुटला. थोडा ताकासारखा, थोडा उन्हात तापलेल्या मडक्यासारखा. गिरणीवाल्यानं तोंडाला रुमाल लावला. मी पदर लावला नाही. या वासासाठी मी वर्षभर थांबते.

चैत्र सरत आला की आमच्याकडे कडुनिंबाचा मोहोर गळून अंगणभर पसरतो. दुपारी रस्ता माणसाला उभं राहू देत नाही. गिरणा नदीच्या पात्रात पाणी कमी आणि वाळू जास्त दिसते, त्या वाळूत डांगरांचे, म्हणजे खरबुजांचे, वेल पसरतात. आणि घराघरात ज्वारी भिजत पडते. बिबड्यांचे दिवस येतात. बिबडं म्हणजे ज्वारीचा पापड, असं बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. पण पापड लाटतात, बिबडं थापतात. आंबूस पीठ मोठ्या पातेल्यात शिजवायचं, त्यात लसूण, तिखट, जिरं, तीळ टाकायचे. ते शिजून घट्ट झालं की त्याचा घाटा होतो. तो गरम असतानाच ओल्या हातानं धोतरावर थापायचा. गार झाला की हात मानत नाही, काठ फुटतात. म्हणून बिबडे एकटीनं होत नाहीत. एकीनं ढवळायचं, एकीनं वाढून द्यायचं, चौघींनी थापायचं.

परवा गावाहून फोन आला. कल्पनाचा. कल्पना माझी धाकटी जाऊ, माझ्या चुलत दिराची बायको. गेल्या निवडणुकीत सरपंचाची जागा बायांसाठी राखीव झाली, तेव्हापासून ग्रामपंचायतीच्या बोर्डावर तिचं नाव आहे. खुर्चीवर तिचा नवरा बसतो, सुनील.

"ताई," ती म्हणाली, "यंदा हॉलवर बिबडे करू देनार नहीत. नवी फरशी बसाडी, रंग दिधा, दरवाजाले शटर लाई दिधं. लगिनसले भाड्यानं देनार शेतस. चूल बंद, धाब्यावर जानं बंद."

"मग तू उघड ना. सरपंच तू आहेस."

ती हसली. मग म्हणाली, "ताई, मी सरपंच शे, पन किल्ली मन्हाजोडे नही."

किल्ली सुनीलच्या खिशात आहे. गल्लीतली म्हातारी सोनाआक्का त्याच्याकडे विचारायला गेली होती. "आक्का, तुमच्या घरी करा ना," म्हणाला. सोनाआक्काचं घर म्हणजे पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, काड्यांचा कुड आणि वर पत्रे. त्या पत्र्यावर माणूस चढला तर खाली येतो.

इथे पिंप्राळ्यात माझी सून म्हणाली, "आई, एवढं काय? आपल्या गच्चीवर घाला. मी मदत करते." तिचं मन मोठं आहे, खोटं नाही सांगत. पण मी तिला कसं समजावू? बांधावरच्या पायवाटेनं एक वर्ष कोणी चाललं नाही तर शेतवाला ती नांगरून घेतो. पुढच्या वर्षी विचारायला गेलं तर म्हणतो, इथे वाट होतीच कधी? हॉलचं धाबं, म्हणजे वरची गच्ची, ही आमची वाट आहे. यंदा चुकली तर नांगरली जाईल.

कागदावर त्याचं नाव समाजमंदिर. पुरुष हॉल म्हणतात. आम्ही बायका धाबं म्हणतो, कारण आमचं काम वरच्या गच्चीशी. गावात तेव्हा सगळी घरं मातीच्या धाब्याची होती, त्यावर काहीही वाळत घातलं की माती लागायची. सिमेंटचा स्लॅब पहिला पडला तो त्या हॉलचा. दरवाजाशेजारी काळा दगड बसवलाय. त्यावर कोणाच्या शुभहस्ते झालं त्यांचं नाव आहे, कोणाच्या प्रमुख उपस्थितीत ते आहे, सगळ्या पंचांची नावं आहेत. मला चौथीपर्यंतच शाळा, पण दगडावरची अक्षरं मोठी होती, मला वाचता आली. बाईचं नाव त्यात एकही नाही.

पण स्लॅब पडला त्या उन्हाळ्यात मी त्या गावात नवरी होऊन आले होते. हातावरची हळद अजून पिवळी होती. मिस्त्रीनं सांगितलं, स्लॅबला पाणी मारत राहा, नाहीतर तडे जातील. पुरुषांनी मान हलवली आणि घरी येऊन बायकांना सांगितलं. सासरचं माझं पहिलं काम ते. विहिरीवरून हंडे भरायचे आणि लाकडी शिडीवरून वर द्यायचे. शिडीच्या टोकाला सोनाआक्का उभी असायची, कासोटा घातलेली, तोंडात मिस्री. मिरचीच्या रोपांना करतात तसे तिनं वर चिखलाचे वाफे केले होते आणि त्यात पाणी तुंबवलं होतं. पूर्ण गाव कोरडं पडलेलं आणि धाब्यावर तळं. एकदा शिडी चढून मी पाहिलं तर पाण्यात आभाळ उतरलं होतं आणि एक चिमणी काठावर पाय भिजवत होती.

"काय वं, मुकी शे का तू?" सोनाआक्कानं मला विचारलं. मी मान हलवली.

"बरं शे," ती म्हणाली. "मुक्या मानूसले हंडा जड नही लागत. बडबड करनारी दमस."

तेव्हापासून मला सगळे मुकी म्हणायचे. मला राग यायचा नाही. बोलायचं म्हटलं की माझ्या छातीत पाखरू धडपडायचं. सासऱ्यांसमोर, चुलत सासऱ्यांसमोर तर पदर नाकापर्यंत आणि जीभ टाळूला. चुलत सासरे म्हणजे आबा. तेच तेव्हा सरपंच होते. ते खाकरले की आम्ही सुना भिंतीला चिकटायचो.

हॉल झाला आणि गावाला हातपाय फुटले. लग्नाचं वऱ्हाड आलं की जानोसा तिथे. वरण-बट्टीच्या पंगती तिथे, मतदान तिथे, सुया टोचायला नर्सबाई आली की ती तिथे. सकाळी बालवाडी, संध्याकाळी भजन. एका हिवाळ्यात सातपुड्याकडून कापूस वेचायला आलेली माणसं ओट्यावर झोपली, त्यातलं एक घर पुढे वीटभट्टीवर राहिलं. प्रत्येकाचा वास त्या भिंतींना लागलेला. नर्सबाईच्या स्पिरीटचा, भजनाच्या उदबत्तीचा, कापसाच्या धुळीचा. पण चैत्र-वैशाखात सगळ्यांवर लसूण चढायचा. मागच्या अंगणात तीन दगडांची चूल, आत गार जमिनीवर थापणाऱ्या बायका आणि आतल्या जिन्यानं वर गेलं की धाब्यावर धोतरंच धोतरं. आज हिची पाळी, उद्या तिची. ज्या घराची पाळी त्या घराचे बिबडे आणि थापायला सगळी गल्ली. माहेरी आलेल्या लेकी, सासुरवाशिणी, वीटभट्टीवरच्या बायाही. त्यांचा हात घाट्याला लागला म्हणून पहिल्यांदा कोणी कुरकुरलं तर सोनाआक्कानं पातेल्याखाली लाकूड सारलं आणि म्हणाली, "आग पुसस का, कोना हात शे? मंग तू कोन पुसनारी?" मग कोणी विचारलं नाही.

तिथला एक नियम होता. कोणी केला माहीत नाही, पण मोडलेला मी पाहिला नाही. घाटा शिजला की वाटेनं जाणाऱ्याला बोलवायचं आणि गरम घाट्यावर कच्चं तेल सोडून त्याला खायला द्यायचं. नको म्हणायचं नाही. आणि ज्यानं घाटा खाल्ला त्यानं एक तरी बिबडं थापायचं. लहान पोरं तर त्याच लालचेनं यायची. पोस्टमन एकदा सापडला. त्याचं बिबडं गिरणेच्या वळणासारखं लांबडं झालं. नर्सबाईनं थापलं ते इतकं गोल की आम्ही ते भाजलंच नाही, बरेच दिवस फळीवर ठेवलं होतं.

तेव्हा हॉलला कुलूप नव्हतं. कडीसुद्धा नव्हती. दार पुढे ओढून घ्यायचं, कुत्रं जाऊ नये म्हणून.

मग टीव्ही आला.

सरकारकडून गावासाठी आला होता. ट्रॅक्टरमधून आणला, मध्ये गोधडी टाकून, दोन्ही बाजूंनी माणसं धरून, बाळंतिणीला आणावं तसा. हॉलच्या पुढच्या भिंतीला टेबलावर ठेवला, हार घातला, नारळ फोडला. तार धाब्यावर गेली आणि तिथे लोखंडी खांबावर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा ॲन्टेना उभा राहिला. आबांचा धाकटा सुनील तेव्हा धुळ्याला कॉलेजात होता आणि सुट्टीला आला होता. टीव्ही लावायचा, बंद करायचा, ॲन्टेना फिरवायचा हक्क त्याचा. तो वर, बाकीचे खाली. चित्र आलं-गेलं की खालून ओरडायचे, "उना! उना! गया! बस, तठेच ठी!" पुरुष जमिनीवर बसायचे, पोरं त्यांच्या पुढे, आम्ही खिडकीबाहेर. आत जागा होती, पण आम्हाला आत या असं कोणी म्हणालं नाही आणि आम्हीही गेलो नाही.

त्याच उन्हाळ्यात सोनाआक्काची पाळी होती. उन्हाबरोबर वारा सुटला होता. आमच्याकडे वैशाखात वारा पिसाळतो, वावटळी शेतातून नाचत येतात. धोतर उडू नये म्हणून आम्ही कडेला दगड ठेवायचो, पण त्या दिवशी दगड पुरेनात. सोनाआक्कानं इकडे-तिकडे पाहिलं, धोतराच्या टोकाला सुतळी बांधली आणि सुतळीचं दुसरं टोक ॲन्टेनाच्या खांबाला.

"खांब शे, उभाच शे," ती म्हणाली. "उभा राहीसन कोनं भलं व्हस? काही कामले तरी उना."

खाली क्रिकेटची मॅच चालू होती. वाऱ्यानं धोतर फुगलं, सुतळी ताणली आणि खांब हळूच फिरला. खालून एकदम आरडाओरडा झाला. पडद्यावर मुंग्या आल्या होत्या. सुनील जिन्यावरून धावत वर आला. त्यानं बांधलेली सुतळी पाहिली आणि दुसरं काही पाहिलं नाही. एका हिसक्यात ती ओढली. धोतर उलटलं. ओले बिबडे काही धाब्यावर पालथे पडले, काही कठड्यावरून खाली, रस्त्याच्या धुळीत. कोंबड्या धावल्या.

सोनाआक्कानं कठड्यावरून वाकून पाहिलं. ती खाली गेली, धुळीत उकिडवी बसली आणि एकेक उचलायला लागली. माती लागलेला भाग नखानं खरवडायची, राहिलेलं पदरात टाकायची. मीही बसले. सुनील वरून म्हणाला, "आक्का, तुमनामुये मॅच गयी!" तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. नवरा नसलेली बाई, मूल नसलेलं घर. वर्षभर संध्याकाळी भाकरीबरोबर एक बिबडं निखाऱ्यावर भाजून खायची, तेवढीच तिची चैन. ती धुळीत पडली होती.

संध्याकाळी चावडीवर बैठक झाली. निर्णय घरी आमच्या यांच्या तोंडून कळला. उद्यापासून हॉलला कुलूप. वाफेनं टीव्हीत पाणी जातं, बायांच्या पायांनी तार हलते. किल्ली सुनीलकडे. टीव्हीच्या वेळेला उघडायचा, बाकी बंद.

ज्वारी माझ्या घरी भिजवून दळलेली होती. दुसऱ्या दिवशी पाळी आमची होती.

मी पीठ घेऊन सोनाआक्काकडे गेले. तिनं माझ्या डोक्यावरचं पातेलं पाहिलं.

"आंबनं का?"

मी मान हलवली.

"मंग तेले काय माहीत, कुलूप लागनार शे म्हनीसन?" ती उठली. पीठ आंबलं की ते कोणाच्या बैठकीसाठी थांबत नाही, हे तिचं म्हणणं. उजाडायच्या आत गल्ली हॉलमध्ये जमली होती. चूल पेटली, आधण आलं, पीठ वैरलं. सोनाआक्का दोन्ही हातांनी लाकडी दांडा फिरवत होती, घामानं तिचं गोंदण चमकत होतं. कोणी गाणं म्हटलं नाही. नेहमी म्हणतात.

पहिलं धोतर भरत आलं तेव्हा दारात खाकरणं ऐकू आलं. सगळ्यांचे पदर पुढे आले. आबा उभे होते. हातात नवं पितळी कुलूप. मागे सुनील, त्याच्यामागे चार-पाच पुरुष, त्यांच्यात आमचे हे.

"चला, आवरा आता," आबा म्हणाले. "कुलूप लावनं शे."

"लावा ना आबा," सोनाआक्का मान वर न करता म्हणाली. "आम्हले मझार ठेवा नि लावा."

म्हणजे आम्हाला आत कोंडून लावा. एक-दोघी पदराआड हसल्या. आबांचा आवाज चढला.

"सोना, तोंड सांभाळ. सरकारी टीव्ही शे तो."

"टीव्ही सरकारी शे. मंग धाबं कोनं शे? हाई स्लॅबले पानी कोनी पाजं? तुमनं नाव दगडवर शे आबा, पन त्या उन्हायामा शिडीवर तुमना पाय मी नही देखा."

कोणी हललं नाही. हलणार कसं, सगळ्यांचे हात घाट्यात होते. घाटा गार व्हायला लागला होता. मला तेवढंच दिसत होतं, पातेल्याच्या कडेनं साय धरायला लागली होती. पीठ माझं होतं, पाळी माझी होती, वाढून द्यायचं कामही माझं होतं. मी ताट घेतलं. घाट्याचा गोळा टाकला, मधोमध खळगा केला, तेल सोडलं. पदर नाकापर्यंत. पायाकडे पाहत मी आबांपर्यंत गेले आणि ताट पुढे धरलं.

घरच्या सुनेनं समोर धरलेलं ताट आमच्याकडे परत करत नाहीत. ते शिव्यांपेक्षा वाईट. आबांनी कुलूप डाव्या हातात घेतलं, मग तेही अडचणीचं वाटलं असेल, खिडकीत ठेवलं. उभ्यानंच एक घास घेतला. मग दुसरा. मग खाली बसले. आबांना घाटा आवडायचा, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्यांची थोरली सून हॉलवरून घरी डब्यातून पाठवायची, पण डब्यात तो गार होतो. मी मागच्या पुरुषांनाही वाढलं. आमच्या यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण ताट घेतलं. सुनीलपुढे धरलं तेव्हा तो मागे सरकला.

"मला नको वहिनी. मी कुलूप लावायला आलोय," तो शहरी मराठीत म्हणाला आणि दाराबाहेर गेला.

ताट पुसून झालं तशी सोनाआक्कानं ओल्या हातानं धोतरावरची जागा दाखवली.

"खादं ना आबा? मंग बठा आठे."

"अवं, मी..."

"पोस्टमन बठना. नर्सबाई बठनी. तुम्ही पोस्टमनपेक्षा मोठा शेतस का?"

पुरुषच हसायला लागले. आबांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि धोतराच्या कडेला मांडी घातली. बाही वर केली, हात ओला केला, गोळा घेतला आणि थापायला लागले. घाटा बोटांना चिकटला, मध्ये भोक पडलं, ते बुजवायला गेले तर काठ फाटला. "आबा, हाई बिबडं शे का भाकर?" कोणीतरी पदराआडून म्हणालं. पाटलासारखा माणूस, गुडघ्यावर हात ठेवून स्वतःच हसायला लागला. मग सगळेच बसले. एकेक करून, लाजत, एकमेकांना कोपर मारत. आमच्या यांचं बिबडं त्यातल्या त्यात बरं झालं.

हसणं ओसरलं आणि आबांची नजर खिडकीतल्या कुलपावर गेली. हात घाट्यानं भरलेले, पण नजर गेली. मला कळलं, हात धुतले की ते उठतील. हसून खेळूनच, पण लावतील.

मी पदरातून बोलले. आवाज माझा मला ओळखू आला नाही.

"आबा, कुलूप पेटीले लावतस. घरले नही लावत."

चुलीत लाकूड तडकलं. भडगावकडच्या माझ्या माहेरी असंच होतं. दागिना, कपडा, जे जपायचं ते लाकडी पेटीत, पेटीला कुलूप आणि घराच्या दाराला नुसती साखळी. मला वाटलं होतं हे सगळ्यांनाच माहीत असतं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, सुनेकडे बघत नाहीत. सोनाआक्काला विचारलं, "कोन बोलनं?"

"मुकी बोलनी," सोनाआक्का म्हणाली.

आबा बराच वेळ बोटांवरचा घाटा सोलत बसले. वाळला की तो कातडीसारखा निघतो. मग त्यांनी सुताराला हाक मारायला माणूस पाठवला. टीव्हीला लाकडी पेटी झाली, पुढे दोन फळ्यांचं दार, त्याला ते पितळी कुलूप. ॲन्टेना धाब्यावरून निघाला आणि बाजूच्या कडुनिंबावर लांब बांबूला बांधला गेला. तिथून चित्र जास्त स्वच्छ येतं, असं पुरुष नंतर वर्षानुवर्षं सांगायचे, जणू त्यांनाच सुचलं होतं.

त्या संध्याकाळी हे जेवायला बसले. मग विचारलं, "तुले बोलता येस?"

"येस," मी म्हटलं.

"मंग मीठ दे," म्हणाले.

आबांचं बिबडं आम्ही वेगळं वाळवलं. भाजलं तेव्हा एका बाजूनं जळलं आणि दुसऱ्या बाजूनं कच्चं राहिलं. सोनाआक्कानं ते सगळं खाल्लं. आणि त्या वर्षी प्रत्येक घरानं आपल्या पाळीतले थोडे बिबडे तिच्या डब्यात टाकले. कोणी ठरवलं नव्हतं. डबा भरला, एवढंच.

नंतर त्याच हॉलमध्ये आम्ही पुरुष असतानाही आत बसायला लागलो. आधी बिबड्यांच्या निमित्तानं, मग बिनानिमित्तानं. बालवाडीच्या बाईंनी बायांची सभा घेतली तेव्हा मी पुढच्या रांगेत होते. कोणाच्या पोरीला दवाखान्यात न्यायचं, कोणाच्या नवऱ्याला समजवायचं, ते सगळं तिथे ठरायचं, हाताला पीठ असो वा नसो. लाजरी मी आजही आहे. रिक्षावाल्याला थांब म्हणताना अजून छातीत पाखरू हलतं. पण आता त्याला हलू देते आणि बोलते.

हे गेले, मी पिंप्राळ्याला मुलाकडे आले. तरी दर वैशाखात बिबड्यांना गावी जाते. इथल्या गच्च्यांवर आता केबलच्या तारा गुंतल्यात. घरोघरी टीव्ही आले, गावातली ती पेटी बालवाडीत पाट्या ठेवायला गेली. आबा आता नाहीत. सोनाआक्काची पाठ वाकली, जिना बसत बसत चढते, पण चढते. वर जाऊन दगड ठेवते, वाऱ्याकडे तोंड करून बसते आणि बिबड्यांचे काठ सुटताना जो बारीक आवाज येतो तो ऐकते. तिला आता ऐकू कमी येतं. तो मात्र येतो म्हणते.

आणि आता शटर. लग्नं होऊ द्या, माझं काही म्हणणं नाही. भाडं येऊ द्या, फरशी चमकू द्या. चमकणारी फरशी आम्ही पुसून देऊ. पण वैशाखात ते दार उघडं राहिलं पाहिजे. मेहेरबानी म्हणून नको. ज्या गच्चीला आमच्या हंड्यांनी कडक केलं, तिच्यावर जायला आम्ही कोणाच्या खिशाकडे का बघायचं? कल्पनाच्या नावाचा बोर्ड आहे आणि किल्ली नाही. माझं तर नावही कुठे नाही. तरी मी चाललेय.

मी कल्पनाला फोन करून सांगितलं, "उद्या चूल शटरच्या समोर मांड. रस्त्यावर. सोनाआक्काला खुर्ची दे. गल्लीला सांग, ज्याच्या घरी पीठ आंबलं असेल त्यानं आणावं."

"आनि ह्या नही म्हनतीन तं?" नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही.

"तू त्याला फक्त बोलावून आण. किल्लीसकट."

पीठ मी डब्यात दाबून भरलंय, वर ओलं फडकं. हात लावला तर अजून कोमट लागतं. यांचं जुनं धोतर धुऊन, निळीतून काढून घडी केलंय. मुलगा म्हणाला, एसटीत लोक वासाला नाकं मुरडतील. मुरडू देत. सून पिशवी भरत होती, तिनं आतलं स्टीलचं ताट बाहेर काढलं. "आई, हे कशाला? गावी ताटं नाहीत का?"

मी ते परत पिशवीत घातलं. गावी ताटं पुष्कळ आहेत. पण सुनीलभाऊंनी एकदा माझ्या हातचं ताट घेतलं नव्हतं, तेवढं वाढायचं राहिलंय.